बेसमेंटचं छत सपाट करायचं, तर पाण्याचे पाइप कुठून न्यायचे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच लक्षात येईल. सेंट्रल न्यू जर्सीत ऐंशीच्या दशकात बांधलेलं दुमजली घर. बेसमेंट आजवर सामान ठेवायलाच वापरलं. आता तिथे मुलांना खेळायला आणि आई-बाबा भारतातून आले की त्यांना निवांत बसायला एक मोठी खोली करायची आहे. खालच्या स्लॅबपासून जॉइस्टच्या, म्हणजे वरची जमीन पेलणाऱ्या लाकडी तुळयांच्या, खालच्या कडेपर्यंत उंची ७ फूट ७ इंच. जॉइस्ट टू-बाय-टेनचे, म्हणजे नावाला दोन इंच जाड आणि दहा इंच उंच, दर १६ इंचांवर. घराच्या मधोमध लोखंडी बीम, त्याच्या कडेने हीटिंगची हवा नेणारा मुख्य डक्ट. गरम आणि गार पाण्याचे तांब्याचे पाइप जॉइस्टना आडवे, त्यांच्या खालून लटकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेत. काम बघायला आलेला माणूस म्हणाला, ‘जॉइस्टला खालून खाचा मारू, पाइप आत ढकलू, वर ड्रायवॉल (जिप्समच्या शीट) ठोकू.’ तुम्हाला ते खटकलं, आणि तुम्ही विचारताय की खाचांऐवजी भोकं पाडून सगळे पाइप जॉइस्टमधून नेता येतील का.

नेता येतील. पण सगळे न्यायला हवेत का, हे आधी ठरवायला हवं. मी बेसमेंटची कामं करतो तेव्हा पाइप वर कसे न्यायचे याच्या आधी कोणते पाइप वर न्यावेच लागतील, ते बघतो. तुम्ही सांगितलेल्या मांडणीत ते फार थोडे निघतील असा माझा अंदाज आहे. का, ते पुढे सांगतो. आधी खाचांचा विषय संपवू.

खाचा नकोत. जॉइस्टवर वरून भार आला की तो मधोमध किंचित वाकतो. वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते आणि उंचीच्या बरोबर मध्यावर ताण-दाब जवळपास शून्य असतो. टू-बाय-टेन नावाला दहा इंच, प्रत्यक्षात सव्वानऊ. खालून एक इंच खाच मारली की सव्वाआठ इंच उरतात. वाकण्याविरुद्धची ताकद उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे त्या ठिकाणी जॉइस्टने सुमारे २० टक्के ताकद गमावली. आता तेवढ्याच पाइपसाठी सव्वा इंचाचं भोक उंचीच्या मध्यावर पाडा आणि हिशेब करा: नुकसान पाव टक्का. खाच दिसायला किरकोळ आणि भोक दिसायला भयंकर, पण लाकडाच्या दृष्टीने उलटं आहे.

शिवाय हे २० टक्केही कागदावरचे. खाचेच्या आतल्या कोपऱ्यात ताण एकवटतो आणि लाकूड तिथून रेषेच्या दिशेने फाटायला लागतं. एका घरात स्वयंपाकघरातली जमीन मऊ लागते म्हणून मला बोलावलं होतं. खाली जाऊन टॉर्च मारला तर आधीच्या कुणीतरी ओळीने खाचा मारून पाइप बसवलेले. त्यातल्या एका खाचेच्या कोपऱ्यातून चीर निघून फूटभर आडवी गेली होती, आणि तिच्यात माझं व्हिजिटिंग कार्ड सहज आत सरकलं. बरोबर वर ग्रॅनाइटचा आयलंड, म्हणजे स्वयंपाकघराच्या मधोमधचा ओटा, होता. जॅक लावून जमीन उचलावी लागली, प्रत्येक जॉइस्टच्या शेजारी पूर्ण लांबीचा नवा जॉइस्ट बोल्टने जोडावा लागला, आणि त्यासाठी तयार झालेलं छत पुन्हा फोडावं लागलं.

खाचेची कल्पना आपल्या लोकांना चटकन पटते, त्याचं कारणही मला समजतं. पुण्या-मुंबईला विटांच्या भिंतीला झिरी पाडून पाइप बुजवतात, वर प्लास्टर करतात, आणि भार आरसीसीचे खांब आणि बीम घेत असल्यामुळे सहसा काही बिघडत नाही. इथे भार घेणारी वस्तू म्हणजे तो दीड इंच जाडीचा लाकडी जॉइस्टच. त्याच्यामागे दुसरं काही नाही.

आता नियम. अमेरिकेत बहुतेक राज्यांचे घरबांधणीचे नियम इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडवर बेतलेले आहेत. अखंड लाकडाच्या जॉइस्टसाठी तो म्हणतो: दोन आधारांमधल्या अंतराच्या मधल्या तिसऱ्या भागात खाच अजिबात नाही. बाकी भागात उंचीच्या एक षष्ठांश, म्हणजे तुमच्या जॉइस्टला जेमतेम दीड इंच. भोक उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत, म्हणजे सुमारे तीन इंच, आणि ते वरच्या कडेपासून, खालच्या कडेपासून आणि दुसऱ्या कुठल्याही भोकापासून किंवा खाचेपासून किमान दोन इंच दूर. तुम्हाला लागणारी भोकं सव्वा इंचाची. परवानगीच्या खूप आत आहात.

हे सगळं फक्त अखंड लाकडाला लागू. तुमच्या मूळ घरात टू-बाय-टेन असले तरी मागे नंतर वाढवलेली सनरूम वगैरे असेल, तर तिच्याखाली जाऊन बघा. तिथे इंग्रजी ‘आय’ अक्षराच्या आकाराचे जॉइस्ट असू शकतात: वर-खाली पट्टी, मध्ये पातळ फळी. त्यांच्या वरच्या-खालच्या पट्टीला करवत किंवा ड्रिल लावायचंच नाही. मधल्या फळीत भोक कुठे आणि केवढं चालेल, याचा तक्ता ती वस्तू बनवणारी कंपनी देते. बऱ्याचदा फळीत ठोकून काढता येतील अशी दीड इंचाची तयार भोकंही असतात. फ्लोअर ट्रस, म्हणजे लाकडी तुकड्यांच्या जाळीचे जॉइस्ट, असतील तर त्यांचा एकही तुकडा कापायचा नाही, पण त्यांच्या जाळीतून पाइप ऐसपैस जातो. आणि लाकडी पातळ थर चिकटवून केलेला एलव्हीएल बीम दिसला तर कंपनीचा तक्ता किंवा इंजिनिअरचा कागद हातात आल्याशिवाय त्याला भोक पाडू नका.

आता मुख्य गोष्ट. टॉर्च घेऊन खाली जा आणि प्रत्येक पाइप कुठून कुठे जातो ते मास्किंग टेपवर लिहून चिकटवा. तुमचे जॉइस्ट बीमला काटकोनात आहेत आणि मेन पाइप बीमच्या दिशेने जातात. म्हणजे बाथरूम, स्वयंपाकघर, लाँड्रीकडे जाणाऱ्या बहुतेक शाखा जॉइस्टला समांतर आहेत. त्यांना भोकाची गरजच नाही. दोन जॉइस्टमध्ये साडेचौदा इंचांची मोकळी जागा आहे, तिथे त्या वर सरकवायच्या आणि क्लिपने जॉइस्टच्या अंगाला लावायच्या, एवढंच.

अडचण आडव्या जाणाऱ्या मेन पाइपांची. आणि इथे तुमचा डक्ट कामाला येतो. तो डक्ट काही वर जाणार नाही. बीम आणि डक्ट झाकायला तुम्हाला तिथे सॉफिट, म्हणजे ड्रायवॉलची खोकी, करावीच लागणार. मग गरम आणि गारचे दोन्ही मेन पाइप तीन-चार फूट सरकवून त्याच सॉफिटमध्ये डक्टच्या शेजारी घ्या. सॉफिट आठ-दहा इंच जास्त रुंद होईल, खोलीत कुणाच्या लक्षातही येणार नाही. मेन जॉइस्टच्या खालीच राहिले, एकही भोक न पाडता. उरल्या भटक्या लाइन: स्वयंपाकघराच्या सिंककडे तिरकी गेलेली, बाहेरच्या नळाची, कदाचित फ्रिजच्या बर्फाची. एवढ्याच जॉइस्टमधून न्यायच्या.

उंचीचा हिशेब करून बघा. राहत्या खोलीला छत किमान ७ फूट लागतं. बेसमेंटमध्ये बीम, डक्ट वगैरेंच्या खाली ६ फूट ४ इंच चालतात. तुमच्या ७ फूट ७ इंचांतून फरशी आणि ड्रायवॉल मिळून एक इंच गेला तर ७ फूट ६ इंच उरतात. आठ इंच उंचीच्या डक्टखाली सॉफिट केला तरी साडेसहा फुटांच्या वर जागा राहते. म्हणजे नियमासाठी तुम्हाला छताचा इंच न् इंच वाचवायची गरज नाही. न्यू जर्सीत जुन्या घरांच्या कामाला वेगळा रिहॅबिलिटेशन सबकोड लागतो, त्यामुळे तुमच्या घराला नेमकं काय लागू होतं ते टाउनशिपच्या ऑफिसात विचारून घ्या. ती माणसं नीट सांगतात, विचारायला संकोच करू नका.

पाइप कोणता? जे जॉइस्टमधून आडवे न्यायचे त्यांना मी पेक्स, म्हणजे लवचीक प्लॅस्टिकचा पाइपच वापरतो. तांब्याचा दहा फुटी पाइप साडेचौदा इंचांच्या फटीतून वर घालून ओळीने भोकांत ओवता येत नाही, जोवर एका टोकाला तेवढीच मोकळी जागा नसेल. मग लोक छोटे तुकडे करून जोडत जातात, आणि बंद छतात सोल्डरच्या जोडांची रांग तयार होते. पेक्स गुंडाळीतून सोडला की या टोकापासून त्या टोकापर्यंत मध्ये एकही जोड नाही. घरात पेक्सला जागा असेल तर मी वॉटर हीटरजवळ मॅनिफोल्ड, म्हणजे एका लाइनीतून अनेक शाखा काढणारा जोड, बसवून प्रत्येक नळाला स्वतंत्र अर्ध्या इंचाची लाइन देतो. पाइप जास्त लागतो, पण मधे जोड नसल्यामुळे छतात गळायला काही राहत नाही.

पेक्सची काही पथ्यं आहेत. तो गरम पाण्याने खूप लांबतो: ३० फुटांची लाइन ६० अंश फॅरनहाइटवरून १२० वर गेली की सुमारे दोन इंच, जिथे तांबं पाव इंचही वाढत नाही. म्हणून तो ताणून बसवायचा नाही, थोडा सैल सोडायचा. पाऊण इंची पेक्सचा बाहेरचा व्यास सात अष्टमांश इंच, म्हणून भोक सव्वा इंचाचं. घट्ट भोकात पाइप सरकताना लाकडाला घासतो आणि कुणी वर गरम पाणी सोडलं की खाली टिक्-टिक् ऐकू येतं. आडव्या लाइनला दर ३२ इंचांवर आधार हवा. जॉइस्टमधून ओवलेल्या पाइपला तो आपोआप मिळतो. वळण फार आवळायचं नाही, अर्ध्या इंची पाइपला निदान पाच इंचांची त्रिज्या द्यायची. वॉटर हीटरपासून पहिले १८ इंच तांबं किंवा धातूची लवचीक नळी ठेवायची, पेक्स तिथून पुढे. आणि क्रिंप पद्धतीच्या, म्हणजे धातूची कडी आवळून केलेल्या, जोडात आतलं भोक अरुंद होतं, म्हणून मेन पाऊण इंचाच्या खाली नेऊ नका, नाहीतर वर शॉवर चालू असताना खाली नळ सोडला की धार बारीक होईल.

भोकं पाडताना राइट-अँगल ड्रिल भाड्याने आणा. साधं ड्रिल त्याच्या पात्यासकट त्या फटीत मावत नाही, मग माणूस ते तिरकं धरतो आणि भोक एका बाजूला मध्यावर, दुसऱ्या बाजूला खाली निघतं. खालच्या कडेपासून ४ इंच आणि ५ सूत, म्हणजे साधारण साडेचार इंचांच्या किंचित वर, दोन टोकांना खूण करा आणि मधे खडूची दोरी झटका. रेषा सरळ असली की पाइप हाताने ओवला जातो. ड्रिलचं पातं गाठीत अडकलं की मशिन मनगट पिरगाळतं, त्यामुळे त्याचं हँडल शेजारच्या जॉइस्टला टेकवून धरा. जॉइस्टच्या पलीकडच्या बाजूला वायर नाही ना, हे प्रत्येक भोकाआधी हात फिरवून बघा. लाकडातली मोठी गाठ टाळा.

मध्यावरून गेलेल्या पाइपला ड्रायवॉलचा स्क्रू पोचत नाही. पण समांतर गेलेल्या शाखा क्लिपने खालच्या कडेजवळ लावल्या असतील तर चुकलेला स्क्रू थेट पाइपमध्ये जातो. त्या मध्यावर घ्या. पाइप लाकडातून जिथे कडेपासून सव्वा इंचाच्या आत येतो, तिथे १६ गेजची स्टीलची पट्टी ठोका.

सांडपाण्याचा पाइप मात्र या सगळ्यात धरू नका. पिण्याच्या पाण्याला दाब असतो, ते वर-खाली कुठूनही जातं. ड्रेनला उतार लागतो: दोन इंची पाइपला दर फुटाला पाव इंच. टॉयलेटच्या तीन इंची पीव्हीसीचा बाहेरचा व्यास साडेतीन इंच, म्हणजे तुमच्या जॉइस्टमध्ये तेवढं भोक नियमातच बसत नाही. ड्रेनभोवती सॉफिट करा आणि त्यातली सफाईची झाकणं उघडता येतील अशी ठेवा. गॅसच्या पाइपला तर हातच लावू नका, तो परवानाधारक माणसाकडूनच.

आता एक गोष्ट, जी विचारणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणाच्या डोक्यात नसते. तुमच्या जुन्या घरात विजेच्या पॅनेलचं अर्थिंग बहुधा तांब्याच्या पाण्याच्या पाइपला जोडलेलं आहे. पॅनेलपासून निघालेली जाड उघडी तार आणि पाइपवरचा क्लॅम्प शोधा. तो क्लॅम्प आणि पाणी घरात येतं ती जागा, यांच्यामध्ये तुम्ही प्लॅस्टिकचा तुकडा घातलात तर अर्थिंग तुटलं. घरात सगळं नेहमीसारखं चालेल, दिवे लागतील, आणि धोका तसाच राहील. क्लॅम्प पाइप घरात शिरतो तिथून पहिल्या पाच फुटांत हवा, आणि पाण्याच्या मीटरला वळसा घालणारी जोडतार शाबूत हवी. बाकीच्या घरात तांब्याचे तुकडे उरले तर त्यांच्या जोडणीबद्दल इलेक्ट्रिशियनला दाखवा.

जुने पाइप उघडे आहेत तोवर ते कशाचे आहेत हेही बघून घ्या. ऐंशीच्या दशकातल्या काही घरांत करड्या रंगाचा पॉलिब्युटिलीन पाइप असतो. दिसला तर त्याच्यावर छत बंद करू नका, बदलाच. पिण्याच्या पाण्याच्या पाइपना शिसं असलेलं सोल्डर अमेरिकेत १९८६च्या कायद्याने बंद झालं. तुमचं घर त्याआधीचं असेल तर जुने जोड ठेवायचे की काढायचे, याचा निर्णय आत्ताच घ्या. मी लहान मुलांच्या घरात काढण्याच्या बाजूने सांगतो, कारण छत उघडं असताना तो खर्च थोडा असतो.

बाहेरच्या नळाचा आतला व्हॉल्व्ह हा छताआड गाडला जाणारा नेहमीचा बळी. हिवाळ्याआधी तो बंद करून लाइन रिकामी करावी लागते, म्हणून त्याच्यापाशी उघडता येणारं झाकण हवं. घराच्या मेन व्हॉल्व्हलाही हवं, आणि ते कपाटामागे नको. बाहेरच्या भिंतीलगतच्या रिम जॉइस्टजवळून पाइप नेऊ नका. न्यावाच लागला तर इन्सुलेशन पाइप आणि बाहेरच्या भिंतीच्या मध्ये, पाइप खोलीच्या बाजूला. गार पाण्याच्या पाइपलाही फोमची नळी घाला. जर्सीच्या जुलै-ऑगस्टमध्ये त्याला घाम सुटतो आणि नव्या छतावर तपकिरी डाग पडतात, मग लोक गळती शोधत बसतात जी नसतेच.

परमिट काढा. न्यू जर्सीत स्वतः राहत असलेल्या एककुटुंबी घरात प्लंबिंगचं काम घरमालकाला परमिट घेऊन स्वतः करता येतं. छत बंद करण्याआधी इन्स्पेक्टर येतो, आणि त्याला पाइप उघडे दिसायला हवेत. त्याच्या आधी तुमची स्वतःची चाचणी: पाणी सोडून, गेज लावून, मेन बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी काटा खाली आला असेल तर प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवा. त्याच वेळी घरातला दाबही कळेल. ८० पीएसआयच्या वर असेल तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागेल. सगळं ठीक असलं की टेप पसरून, भिंतीपासूनची अंतरं दिसतील असे प्रत्येक फटीचे फोटो काढून ठेवा.

राहता राहिलं, किती काम स्वतः करायचं. टेपच्या खुणा, भोकं पाडणं, पेक्स ओवणं, फोम घालणं हे शनिवार-रविवारी तुम्ही आणि एखादा मित्र आरामात करू शकता. मीटर, वॉटर हीटर आणि मेनची तांब्याची जोडणी मी प्लंबरला देईन. तिथे जॉइस्टच्या जवळ सोल्डरिंगच्या गॅस टॉर्चची ज्योत लागते, वाळलेलं लाकूड आत धुमसत राहू शकतं, आणि पाइपमध्ये थोडं पाणी उरलं तरी सोल्डर धरत नाही. आमच्यापैकी बरेच जण आता ज्योतीऐवजी प्रेसचे, म्हणजे हत्याराने दाबून बसवायचे जोड वापरतात; कोटेशन मागताना ते विचारून घ्या. आणि खाचा मारू म्हणणाऱ्या त्या माणसाला बाकीचं काम द्यायचं का, हे ठरवण्याआधी त्याला एवढंच विचारा: परमिट कुणाच्या नावावर निघणार आणि इन्स्पेक्शनला तो हजर राहणार का.